तेलानं भरलेल्या टँकरवर क्षेपणास्त्र पडलं, तर जहाज आणि त्यावरची माणसं वाचतात कशी?

जत-आटपाडीकडं 'टँकर' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो पाण्याचा टँकर. पलूस तालुक्यातल्या हजारवाडीच्या बाजूला राहणाऱ्यांना आठवतो डेपोतून पेट्रोल-डिझेल भरून निघालेला टँकर. पण या गाडीत जे तेल असतं त्याचा बराचसा प्रवास आधीच झालेला असतो, तोही समुद्रातून. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं आणि ते आणणाऱ्या जहाजालाही टँकरच म्हणतात. फरक इतकाच की रस्त्यावरच्या गाडीत काही हजार लिटर तेल मावतं आणि समुद्रातल्या मोठ्या टँकरमध्ये दोन-तीन लाख टन.

युद्ध पेटलं की शत्रूची नजर सगळ्यात आधी या जहाजांवर जाते. टँकर बुडवला की समोरच्याची विमानं, रणगाडे, कारखाने सगळंच अडतं. त्यामुळं पहिल्या महायुद्धापासून आजच्या तांबड्या समुद्रापर्यंत टँकरवर टॉर्पेडो, बॉम्ब, क्षेपणास्त्रं आणि ड्रोन पडत आलेत.

आता कुणालाही वाटेल की हजारो टन पेट्रोलजन्य माल भरलेल्या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं म्हणजे विषय संपला. प्रत्यक्षात बऱ्याचदा तसं होत नाही. जहाज पेटतं, पण तरंगत राहतं. माणसं उतरतात आणि कधीकधी परत चढून तेच जहाज बंदरात घेऊन येतात. हे कसं घडतं, त्यात भारतीय खलाशी कुठं होते आणि आज घरातला मुलगा टँकरवर असेल तर घरच्यांना काय माहीत असायला हवं, हे एकेक करून बघूया.

गोष्ट १९४२ सालची : एक टँकर, एक छोटी भारतीय युद्धनौका आणि दोन जपानी जहाजं

दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. नोव्हेंबर १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरातून दोन जहाजं निघाली. एक होता 'ओंदिना' नावाचा डच टँकर. त्याच्या सोबतीला होती रॉयल इंडियन नेव्हीची 'बेंगाल' ही युद्धनौका. युद्धनौका म्हटलं तरी 'बेंगाल' अगदीच लहान होती, वजनानं हजार टनांच्या आसपास. जायचं होतं हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडं.

११ नोव्हेंबरला कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला त्यांना दोन जहाजं दिसली. ती होती 'होकोकू मारू' आणि 'आयकोकू मारू'. मूळची प्रवासी-मालवाहू जहाजं, पण जपानी नौदलानं त्यांच्यावर मोठ्या तोफा आणि टॉर्पेडो बसवले होते. प्रत्येकी दहा हजार टनांच्या आसपास वजन. शत्रूच्या व्यापारी जहाजांची शिकार करणं हेच त्यांचं काम.

सामना कुठल्याच अर्थानं बरोबरीचा नव्हता. 'बेंगाल'वर मुख्य तोफ एकच आणि तीही छोटी. 'ओंदिना'च्या मागच्या बाजूला चार इंची एक तोफ होती आणि तिच्यासाठी गोळे होते फक्त ३२.

'बेंगाल'चे कॅप्टन लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी टँकरला निसटून जायला सांगितलं आणि स्वतःची नौका थेट शत्रूच्या अंगावर घातली. 'ओंदिना'नंही पळता पळता तोफ चालवली. त्यातला एक गोळा 'होकोकू मारू'च्या मागच्या भागात, टॉर्पेडो ठेवलेल्या जागी लागला. मोठा स्फोट झाला आणि ते जहाज बुडालं. तो गोळा नेमका टँकरचा की 'बेंगाल'चा, यावर पुढं बरीच वर्षं चर्चा होत राहिली.

पण 'ओंदिना'चे ३२ गोळे संपले. 'आयकोकू मारू'चा मारा सुरूच होता. कॅप्टन विलेम हॉर्समन यांनी माणसं वाचवण्यासाठी जहाज सोडायचा आदेश दिला आणि त्याच माऱ्यात ते ठार झाले. खलाशी बोटींत उतरले. जपानी जहाजानं टँकरवर टॉर्पेडो सोडले, बोटींवर मशीनगनही चालवली. टँकर आता बुडणार असं समजून ते बुडालेल्या सोबत्याची माणसं उचलून निघून गेलं.

टँकर मात्र बुडाला नाही. टॉर्पेडोंनी भगदाडं पडली होती, जहाज एका बाजूला कललं होतं, आग लागली होती, तरी ते तरंगत होतं. बोटींतले खलाशी परत जहाजावर चढले. त्यांनी आग विझवली. दुसऱ्या बाजूच्या टाक्यांत पाणी घेऊन कललेलं जहाज सरळ केलं, इंजिन चालू केलं आणि १८ नोव्हेंबरला ते फ्रीमँटलला परत पोहोचले.

इकडं 'बेंगाल'ला वाटलं होतं टँकर गेला आणि टँकरवरच्यांना वाटलं होतं 'बेंगाल' गेली. प्रत्यक्षात 'बेंगाल'ही दिएगो गार्सियाला सुखरूप पोहोचली होती.

पण टॉर्पेडो लागूनही टँकर बुडाला कसा नाही?

याचं पहिलं उत्तर जहाजाच्या बांधणीत आहे. टँकरच्या पोटात एकच मोठी टाकी नसते. आडव्या-उभ्या पोलादी भिंती घालून अनेक वेगवेगळ्या टाक्या केलेल्या असतात. स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा आठवा. एक वाटी कलंडली तरी बाकीच्या वाट्यांतलं तिखट-हळद जागेवरच राहतं. तसंच इथं एका टाकीला भोक पडलं तरी पाणी तिथंच अडतं. 'ओंदिना' तर तेल भरायला निघाली होती, त्यामुळं तिच्या मालाच्या टाक्या रिकाम्या होत्या. उरलेल्या टाक्यांतल्या हवेनं तिला वर धरून ठेवलं.

तेल भरलेलं असेल तरी हिशोब फार बदलत नाही. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. भरलेल्या टाकीला भोक पडून तेलाच्या जागी पाणी आलं, तरी जहाजाचं वजन एकदम प्रचंड वाढत नाही.

याउलट कोळसा, धान्य, खनिज वाहून नेणाऱ्या बल्क कॅरियर जहाजाचे कप्पे मोठे असतात आणि त्यांत मालाच्या वर बरीच जागा मोकळी असते. एका कप्प्यात किंवा इंजिन रूममध्ये पाणी शिरलं की जहाज लवकर धोक्यात येतं. येमेनमधल्या हुथींच्या हल्ल्यांत २०२४ आणि २०२५ मध्ये बुडालेली जहाजं बघा. 'रुबीमार', 'ट्युटर', 'मॅजिक सीज', 'इटर्निटी सी'. चारही बल्क कॅरियर. त्याच पट्ट्यात ऑगस्ट २०२४ मध्ये दीड लाख टन कच्चं तेल भरलेला 'सुनियन' टँकर कित्येक दिवस जळत राहिला, पण बुडाला नाही. त्याच्यावरच्या माणसांना युरोपीय नौदल मोहिमेतल्या फ्रेंच युद्धनौकेनं वाचवलं आणि जहाज नंतर ओढून नेण्यात आलं.

आजच्या टँकरना बाहेरून दुहेरी भिंत असते. दोन्ही भिंतींमध्ये मोठ्या जहाजात साधारण दोन मीटरची जागा सोडलेली असते. ही पद्धत युद्धासाठी आलेली नाही. १९८९ मध्ये अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डिझ' टँकर खडकावर आदळून समुद्रात तेल पसरलं, त्यानंतर नव्या टँकरना दुहेरी भिंतीची सक्ती झाली. हल्ल्यातही तिचा थोडाफार उपयोग होतो, पण क्षेपणास्त्र थेट आलं तर ते दोन्ही भिंती फोडू शकतं.

मग स्फोट का होत नाही?

गॅरेजमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा, डिझेल-पेट्रोलच्या रिकाम्या बॅरलला वेल्डिंग लावायला तो तयार होणार नाही. कारण तेल स्वतः पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ. आणि वाफ पेटायला हवेतला ऑक्सिजन लागतो. भरलेल्या बॅरलपेक्षा रिकाम्यात वाफ आणि हवा यांचं मिश्रण जास्त असतं, म्हणून तो जास्त धोक्याचा.

टँकरचंही तेच. डिसेंबर १९६९ मध्ये 'मार्पेसा', 'मॅक्ट्रा' आणि 'किंग हाकोन सातवा' या तीन अवाढव्य टँकरमध्ये काही आठवड्यांच्या आत स्फोट झाले. कुठलंही युद्ध नव्हतं, रिकाम्या टाक्या धुण्याचं काम चालू होतं. त्यानंतर 'इनर्ट गॅस' यंत्रणेवर भर आला आणि पुढं आंतरराष्ट्रीय नियमांनी ती सक्तीची झाली.

यात बहुतेक वेळा जहाजाच्या बॉयलरचाच धूर थंड करून, धुऊन टाक्यांत सोडतात. या धुरात ऑक्सिजन फारच कमी असतो. टाकीतला ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या खाली ठेवायचा असा नियम आहे. तेलाची वाफ पेटायला साधारण ११ टक्के तरी ऑक्सिजन लागतो. म्हणजे ठिणगी पडली तरी टाकीच्या आत आग धरत नाही.

पण क्षेपणास्त्रानं टाकीला भोक पाडलं की बाहेरची हवा आत येते आणि हे संरक्षण त्या टाकीपुरतं संपतं. इथून पुढचं काम माणसांचं.

२६ जानेवारी २०२४ : २३ माणसं आणि ८४ हजार टन नाफ्था

त्या दिवशी भारतात प्रजासत्ताक दिन होता. एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' हा टँकर सुएझकडून दक्षिण कोरियाकडं चालला होता. जहाजावर सुमारे ८४ हजार टन नाफ्था होता. नाफ्था हा पेट्रोलसारखाच भराभर पेटणारा पदार्थ. जहाजावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी खलाशी होते. कॅप्टन होते अविलाश रावत.

हुथींनी डागलेलं जहाजविरोधी क्षेपणास्त्र जहाजाच्या उजव्या बाजूला आदळलं आणि मालाची टाकी पेटली. पाच मीटरहून उंच ज्वाळा उठल्या. उजव्या बाजूची लाइफबोट नष्ट झाली. खलाशी डाव्या बाजूच्या लाइफबोटीजवळ गोळा झाले.

आता त्यांच्यासमोर दोन पर्याय होते. बोटीत बसून निघून जायचं, किंवा थांबून आग विझवायची. त्यांनी बोट तयार ठेवली आणि आग विझवायला घेतली. टँकरच्या डेकवर फेस फवारणाऱ्या तोफा बसवलेल्या असतात. हा फेस तेलावर गोधडीसारखा पसरतो आणि हवा तोडतो. त्या तोफा आणि हातातले पाइप वापरून ते लढत राहिले. आग शेजारच्या टाकीपर्यंत पोहोचली होती.

साडेचार तासांनी 'अकिलीस' नावाचं दुसरं व्यापारी जहाज मदतीला आलं. त्यामागून फ्रान्सची 'अल्सास' आणि अमेरिकेची 'कार्नी' या युद्धनौका आल्या, त्यांनी जादा फेस पुरवला. तोही संपला. आग विझवणं कदाचित शक्य होणार नाही, असा सल्ला तज्ज्ञांनी दिला.

मग भारतीय नौदलाची 'आयएनएस विशाखापट्टणम' पोहोचली. नावात विशाखापट्टणम असलं तरी ही युद्धनौका बांधली गेली मुंबईत, माझगाव डॉकमध्ये. तिच्यावरचं १० जणांचं अग्निशमन पथक टँकरवर चढलं. टँकरचे खलाशी आणि नौसैनिक यांनी मिळून आग आटोक्यात आणली. हल्ल्यानंतर साधारण २४ तासांनी ती पूर्ण विझली. २३ पैकी एकाचाही जीव गेला नाही.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २०२४ चा समुद्रावरील असामान्य शौर्याचा पुरस्कार कॅप्टन रावत आणि त्यांच्या खलाशांना दिला. 'विशाखापट्टणम'च्या पथकाचाही गौरव झाला.

दरवेळी शेवट असा गोड होत नाही

जहाज वाचलं म्हणजे माणसं वाचली असं नसतं. जुलै २०२१ मध्ये ओमानजवळ 'मर्सर स्ट्रीट' टँकरवर ड्रोन आदळला. जहाज आपल्या इंजिनावर पुढं गेलं, पण ड्रोन पडला होता ब्रिजच्या भागात, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या ठिकाणी. दोन जण जागीच गेले.

६ मार्च २०२४ ला 'ट्रू कॉन्फिडन्स' या बल्क कॅरियरवरच्या हल्ल्यात तीन खलाशी मरण पावले. बाकीच्यांना 'आयएनएस कोलकाता'नं उचललं. जून २०२४ मध्ये 'ट्युटर'च्या मागच्या भागावर स्फोटकांनी भरलेली बोट आदळली, इंजिन रूममध्ये पाणी शिरलं आणि तिथं असलेला खलाशी परत आला नाही.

यातून एक गोष्ट लक्षात येते. तेलाच्या टाक्यांपेक्षा इंजिन रूम आणि ब्रिज या जागा माणसांसाठी जास्त धोक्याच्या असतात. म्हणून धोक्याच्या पट्ट्यातून जाताना कामाशिवाय कुणाला इंजिन रूममध्ये किंवा उघड्या डेकवर थांबू देत नाहीत. पाण्याचे दरवाजे बंद ठेवतात. फेसाचे पाइप आधीच जोडून ठेवतात.

आणि धोका फक्त लांबच्या समुद्रात असतो असंही नाही. २३ डिसेंबर २०२३ रोजी 'केम प्लूटो' टँकरवर ड्रोन हल्ला झाला तो पोरबंदरपासून सुमारे २१७ सागरी मैलांवर. जहाज सौदी अरेबियातून मंगळूरला तेल घेऊन येत होतं आणि बहुतेक खलाशी भारतीय होते. आग खलाशांनीच विझवली आणि तटरक्षक दलाच्या 'विक्रम' जहाजाच्या सोबतीनं टँकर मुंबईला आला.

आकडा बघायचा तर १९८० ते १९८८ च्या इराण-इराक युद्धाचा बघावा लागतो. त्यातल्या सागरी लढाईला 'टँकर युद्ध' असंच नाव पडलं. लंडनच्या लॉईड्सच्या अंदाजानुसार त्यात ५४६ व्यापारी जहाजांचं नुकसान झालं आणि सुमारे ४३० खलाशी मारले गेले. जगातलं सगळ्यात लांब जहाज, ४५८ मीटरचा 'सीवाइज जायंट' टँकर, मे १९८८ मध्ये इराकी बॉम्बनी पेटला आणि उथळ पाण्यात बसला. तोही पुढं दुरुस्त होऊन आणखी वीसेक वर्षं कामात राहिला. शेवटी तो तोडायला आला गुजरातमधल्या अलंगला.

'पोरगं नेव्हीत आहे' म्हणजे नक्की कुठं?

गावाकडं मर्चंट नेव्हीत गेलेल्या मुलालाही सरसकट 'नेव्हीत आहे' म्हणतात. पण दोन्हींत मोठा फरक आहे. नौदलातला जवान सैनिक असतो. मर्चंट नेव्हीतला खलाशी खासगी कंपनीचा कर्मचारी असतो, पूर्णपणे नागरिक. त्याच्या हातात बंदूक नसते. जहाजावर झेंडा लायबेरियाचा, मालक ग्रीसचा, माल तिसऱ्याचा आणि खलाशी भारताचे, असं चित्र सर्रास असतं.

महायुद्धाच्या काळात ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या माणसांपैकी जवळपास चौथा हिस्सा हिंदुस्थानी खलाशी होते. त्यांना 'लास्कर' म्हणत. डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी, खानपानाच्या कामाला गोव्याचे, इंजिनात कोळसा ओतायला पंजाबचे आणि सिल्हेटचे, अशी विभागणी असायची. पगार गोऱ्या खलाशांपेक्षा कितीतरी कमी. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच या खलाशांनी पगारवाढीसाठी ब्रिटनच्या बंदरांत संप केले होते.

त्या युद्धात मेलेल्या आणि समुद्राशिवाय कबर नसलेल्या जवळपास ६,००० हिंदुस्थानी व्यापारी खलाशांची नावं एका नोंदवहीत आहेत. तिची एक प्रत चितगावला ठेवली गेली आणि एक मुंबईत, मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये.

मग आज घरच्यांनी काय बघायचं?

सांगली-साताऱ्याच्या गावांतूनही मुलं मर्चंट नेव्हीत जातात. समुद्र सह्याद्रीपलीकडं असल्यामुळं घरात आधी कुणी जहाजावर गेलेलं नसतं आणि विचारायला जवळ माणूस नसतो. म्हणून या गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

एक, नोकरी लावणाऱ्या एजंटकडं 'आरपीएसएल' परवाना आहे का, हे डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर तपासता येतं. डीजी शिपिंग म्हणजे केंद्र सरकारचं नौवहन महासंचालनालय, त्याचं मुख्यालय मुंबईत कांजूरमार्गला आहे. परवानाधारक एजंटला नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. लाखांत पैसे मागणारा माणूस भेटला तर तिथंच थांबावं. बिनपरवाना एजंटमार्फत गेलेल्या मुलाला संकटात शोधणंही अवघड होतं.

दोन, जहाजाला कामगार संघटनेचा करार लागू आहे का, हे कराराच्या कागदावर बघावं. आंतरराष्ट्रीय करार असलेल्या जहाजांसाठी कामगार आणि मालक यांच्या संघटना मिळून धोक्याचे समुद्रपट्टे ठरवतात. पट्टा 'युद्धसदृश' ठरवला गेला, तर खलाशाला तिथं जायला नकार देता येतो. अशा वेळी त्याला कंपनीच्या खर्चानं घरी पाठवावं लागतं आणि नकार दिला म्हणून शिक्षा करता येत नाही. जो जातो, त्याला त्या दिवसांसाठी जादा पगार आणि मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास दुप्पट भरपाई, अशी तरतूद असते.

तीन, कागद घरी ठेवावेत. कराराची प्रत, जहाजाचं नाव, त्याचा सात आकडी आयएमओ नंबर, एजंटचा पत्ता, सीडीसी आणि इंडोस नंबर. जहाजाचं नाव आणि झेंडा बदलतो, आयएमओ नंबर बदलत नाही. बातमी आली तर चौकशी याच नंबरावरून होते.

चार, अडचण आली तर डीजी शिपिंगचं २४ तास चालणारं संपर्क केंद्र आहे. 'नुसी' आणि 'मेरिटाइम युनियन ऑफ इंडिया' या खलाशांच्या आणि अधिकाऱ्यांच्या संघटनांची मुख्य कार्यालयंही मुंबईतच आहेत.

आणि धोक्याच्या पट्ट्यात जहाजं आपली जागा सांगणारी यंत्रणा बऱ्याचदा मुद्दाम बंद ठेवतात. त्यामुळं मोबाइलच्या ॲपवर जहाज दिसेनासं झालं किंवा दोन दिवस फोन लागला नाही, तर लगेच वाईट घडलं असं समजायचं कारण नाही.

जगाला खलाशी पुरवणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारताचा नंबर लागतो. त्यामुळं उद्या कुठल्याही देशाचं कुठल्याही देशाशी युद्ध पेटलं आणि टँकरवर हल्ला झाला, तरी त्या डेकवर भारतीय असण्याची शक्यता मोठी आहे. जहाजाच्या भिंती, इनर्ट गॅस आणि फेस यांनी त्याला वेळ मिळतो. त्या वेळेत वाचायचं कसं हे त्याला ट्रेनिंगनं शिकवलेलं असतं. पण त्या पट्ट्यात जायचं की नाही, हे ठरवायचा हक्क त्याच्याकडं आहे की नाही, हे जहाजावर चढण्याआधी सही केलेल्या कागदावरच ठरलेलं असतं. म्हणून सही करण्याआधी तो कागद नीट वाचलेला बरा.